रिकामं पोतं

त्या दिवशी सकाळपासून आभाळ मळकट होतं. ऊन म्हणून पडलंच नाही, आणि संध्याकाळी नदीकडून असा गार वारा सुटला की खडकीतली कुत्रीसुद्धा रिक्षांखाली जाऊन बसली. सन दोन हजार तीन, डिसेंबरातला तिसरा शनिवार. अमावास्या तोंडावर आलेली.

जरा जवळ सरका पोरांनो. हा दशरथ माझ्या चांगल्या ओळखीचा. उभा जन्म खडकीच्या वखारीत कोळसा वाहिला त्यानं. पुढं मुलगा योगेश कम्प्युटरच्या कंपनीत लागला, कोथरूडला फ्लॅट घेतला, आणि बापाचं पाठीवरचं ओझं उतरवलं. घरात कोळशाचं नाव काढू द्यायचा नाही. तोच योगेश त्या दिवशी म्हणाला, "बाबा, उद्या ऑफिसची गँग येतेय. गच्चीवर बार्बेक्यू आहे. कोळसा कुठं मिळतो हो?"

"आता बरी आठवण झाली," दशरथ हसला, आणि बस धरून खडकीला गेला.

वखारवाल्या बजरंगशेटनं जुना माणूस म्हणून चहा पाजला, गप्पांत बसवून ठेवलं. दशरथ निघाला तेव्हा बाजार मिटला होता. खांद्यावर अर्धं पोतं. स्टॉपला जायची जवळची वाट चर्चच्या मागनं, जुन्या चाळीवरून जाते. त्या वाटेला तो सहा वर्षांत गेला नव्हता. पण खांद्यावर पोतं आलं की पाय आपले जुन्याच वाटेनं चालतात.

ती चाळ साहेबाच्या काळातली. प्रत्येक खोलीत भिंतीतली चूल, वर धुराडं. फार मागं तिथं एक इंग्रज पाद्री होता. त्याच्या विलायतेतल्या गावाजवळ कोळशाच्या खाणी; हिवाळा आला की तिथलं चर्च गावातल्या प्रत्येक विधवेच्या दारात कोळशाचं पोतं ठेवी. दारात पोतं आलं म्हणजे गाव तिला विसरलं नाही, असं समजायचं. पाद्रीबुवांनी तीच रीत इथं लावली. ते गेले, साहेब गेला, घरोघरी गॅस आला, तरी रीत राहिली. नाताळच्या आधी पोती पोचवायचा तो दशरथ. भरलेलं पोतं उंबऱ्याशी ठेवायचं, तळहातानं दोनदा दार वाजवायचं, गेल्या साली दिलेलं रिकामं पोतं उचलून न्यायचं.

शेवटच्या खोलीत आनंदीबाई, चर्चला जाणाऱ्या एकट्या विधवा. त्या रिकामं पोतं झटकून, चौघडी करून, वर दोन करंज्या ठेवायच्या. "दशरथ, उशीर केलास हो," हे दरसालचं ठरलेलं.

एका पावसाळ्यात त्यांच्या धुराड्यातून पाणी ठिबकायला लागलं. दशरथानंच वर चढून आपल्याजवळच्या पोत्याचा बोळा कोंबला. "थंडी पडली की काढतो बाई," म्हणाला. थंडी पडली. दशरथानं कोळसाही आणून दिला. बोळा मात्र डोक्यातून पार गेला.

त्या रात्री बाईंनी दारं-खिडक्या लावून चूल पेटवली. कोळशाची विषारी हवा खोलीतच कोंडली. सकाळी शेजारणीनं हाक मारली, तर...

लोक म्हणाले, वय झालं होतं. दशरथानं मूठमाती दिली, तेव्हा त्याच्या नखांत काळं होतं. तो बोलला नाही. बोळाही काढायला गेला नाही. बायकोलाही कधी सांगितलं नाही त्यानं.

आता चाळ रिकामी झाली होती. तिथं काचेची मोठी इमारत व्हायची होती. एका बाजूनं पत्रे लागले होते, दिवे तोडलेले. दशरथ मान खाली घालून चालला होता.

तेवढ्यात धुराचा वास आला.

कोणी शेकोटी केली असेल, म्हणून त्यानं पाहिलं. कोणी नव्हतं. शेवटच्या खोलीला बाहेरून कुलूप. दाराखालच्या फटीतून तांबूस उजेड.

आत कोणी तरी खोकलं.

म्हातारं, कोरडं. मग पुन्हा.

दशरथाला पळावंसं वाटलं. पळाला नाही. खांद्यावरचं पोतं त्यानं उंबऱ्याशी ठेवलं. तळहातानं दार वाजवलं. दोनदा.

खोकला थांबला.

"बाई..." तो म्हणाला. "तो बोळा... मीच... काढायचा..."

त्यानं कपाळ दाराला टेकलं.

मग दाराच्या अगदी जवळून, जणू फळीला ओठ लावून...

"उशीर केलास हो."

उजेड गेला. वास गेला. वारासुद्धा पडला.

तो घरी कसा आला, त्याला आठवत नाही. योगेश चिडला. "बाबा, रिकाम्या हातानं आलात? एवढ्या वेळात मी झाड जाळून कोळसा केला असता!" दशरथ आडवा झाला. रात्रभर डोळे उघडे.

सकाळी दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या विमलाबाई. कपाळाला आठ्या, आणि दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलेलं एक जुनं, चुरगळलेलं पोतं. काजळीनं काळंकुट्ट. झटकून चौघडी केलेलं. कोपऱ्यावर बजरंगशेटच्या वखारीचा निळा शिक्का.

दशरथानं ते हातात घेतलं. गरम होतं.

"अहो दशरथराव," विमलाबाई म्हणाल्या, "आपल्या पाहुण्यांना आपलं दार दाखवून ठेवत जा. भल्या पहाटे कोण ती म्हातारी माझी बेल वाजवते! हे हातात दिलं, आणि म्हणाली, दशरथला सांगा, धूर आता नीट वर जातोय."