पुढच्या टोकाचा दानव

बाहेरून कडी पडली. डिंगोऱ्याच्या ग्रामपंचायत सभागृहात अडकले तिघं: चित्रकार स्वप्ना, सरपंच सयाजीराव आणि तपासाला आलेले हवालदार राजमहंमद.

भिंतीला टेकवलेलं स्वप्नाचं समुद्रमंथनाचं चित्र. कॅलेंडरातलं जुनंच, पण समुद्राच्या जागी गावचा पाझर तलाव आणि वासुकीच्या जागी मोटारीचा काळा पाइप. शेपटीकडं देव, तोंडाकडं शिंगवाले दानव. आज सकाळी सगळ्यांत पुढच्या दानवाला सरपंचांचं तोंड फुटलं होतं.

"आमच्या सायबास्नी दानव करती व्हय! जाळा त्ये चित्र!" बाहेर सरपंचांचा कार्यकर्ता भागू ओरडला. मागं जमाव.

"काका, दुपारी हे पुण्याच्या प्रदर्शनात पोचायचंय," स्वप्ना हवालदारांना म्हणाली. "वर्ष घातलंय मी यात."

हवालदारांनी त्या तोंडावर नख फिरवलं. कागद. निवडणुकीचं पत्रक, फेट्यासकट कापलेलं.

"तू चिकटवलंस?"

"मला रंगवता येतं की! कात्री कशाला लावू?"

"इथली किल्ली कुणाकडं?"

"गावभर फिरती," सरपंच म्हणाले. "लग्नं, पंगती... हवालदार, पुढं असल्याली समदीच दानवं का?"

"समदीच."

"मग जाळू द्या. तोंड तेवढं आधी सुटं करा. जपून."

हवालदारांनी टोपी काढली.

"वैऱ्यानं शिंगं दिसू दिली असती. इथं फेट्याखाली झाकलीत, वर गंधाचं बोट. म्हंजे हा मान आहे. भागूनं दिला असता तर फोटोवाला बोलावला असता. हे गुपचूप झालंय. गावात रथाचा दोर ओढताना पुढचं टोक मानकऱ्याचं. तिथं आपल्याऐवजी दुसराच बघून एकाला राहवलं नाही. मंथनात तिथं दानव असतात, हे त्याच्या गावीच नाही. सरपंच, तोंडाकडं मान आहे, असं दानवांनाही वाटलं होतं. वासुकीच्या तोंडातनं विषच निघालं."

"पत्रकं लई उरली व्हती," सरपंच पुटपुटले.

"बाहेर सांगा. न्हाईतर पोरीचं चित्र जळतंय."

सरपंचांनी खिडकीचे गज धरले. मग ओरडले, "आरं, म्याच चिकटावलंय!"

बाहेरून भागूचा दुखावलेला आवाज, "सायेब, मग आमी कुठंय?"

कडी निघाली. स्वप्नानं चित्र उचललं, तोवर पंचायतीचे सगळे सदस्य आपापली पत्रकं घेऊन आत घुसले आणि शेवटच्यानं दार लावून घेतलं.

"देवांकडं भरपूर जागा आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

शेपटीकडं जायला एकही तयार नव्हता.