उभा दगड

वडिलांच्या, तात्यांच्या वर्षश्राद्धाला दोन दिवस होते. रतन बारामतीहून वरकुट्याला आली तेव्हा तिची आई बानूबाई ओट्यावर हरभरा सोलत बसल्या होत्या. मायलेकी फारशा बोलल्या नाहीत. दुपारी कपाट आवरताना तात्यांच्या धोतरात गुंडाळलेला तो जुना व्हिडिओ गेम रतनच्या हाती लागला.

चार वर्षांपूर्वी तात्यांचा पाय मोडला, तेव्हा तिनंच तो इंदापूरच्या बाजारातून आणला होता. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून बसवायचे. ओळ भरली की नाहीशी व्हायची. उजवीकडच्या लहान चौकटीत पुढचा ठोकळा आधीच दिसायचा. तात्यांचा जन्म शेतांच्या बांधाला ताली, म्हणजे दगडी भिंती, रचण्यात गेला होता. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. खेळातही ते तालच रचत. डावीकडून सातवं घर तेवढं मोकळं ठेवत आणि लांब ठोकळा आला की खेळ रतनपुढं धरत.

"घे, तू ठिव."

"तुम्हीच ठेवा की, तात्या."

"रचणाऱ्यानं शेवटचा दगूड ठिवू न्हाय. घरच्या माणसानं ठिवावा. येवढी शाळा शिकवतीस, आन् ह्ये ठावं न्हाय व्हय?"

गेल्या पौषात त्यांनी स्वतःच्या शेताची ताल रचली आणि शेवटचा उभा दगड रतनसाठी ठेवून, या रविवारी ये, असा निरोप धाडला. तिच्याकडं तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. पुढच्या रविवारी येते, असं तिनं कळवलं. तात्या तरी त्या रविवारी तालीपाशी जाऊन बसले, आणि दुपारी बसल्या जागीच गेले. दगड अजून तिथंच पडून होता.

खेळातले सेल काढून ठेवलेले होते. रतननं घड्याळाचे सेल घातले. पडदा उजळला. तळाशी दोन थर आधीच रचलेले होते. सातवं घर मोकळं. खेळ अवघड करायची कळ दाबली की थोडे थर आधीच येतात, हे तिला माहीत होतं. कळ दाबली गेली असेल. तिनं खेळ बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी थर चार झाले होते.

या यंत्राला कालचं काही आठवत नाही, बंद केलं की सारं पुसलं जातं, हेही तिला माहीत होतं. तिनं सेल काढले, पदरानं पुसले, पुन्हा घातले. चारच थर. सातवं घर मोकळं.

"आई, तू याला हात लावलास?"

"मला कुठं येतंय ते. पर वाजतंय. वरीस झालं, रोज दुपारचं वाजतंय. सेल काढलं तरी वाजतंय." दूध नासल्याचं सांगावं, तशा आवाजात त्या बोलल्या. "दगूड ठिवून ये, रतन. त्येंचा खोळंबा झालाय."

"तू का नाही ठेवलास?"

"तुझं नाव घेतलं हुतं त्येंनी."

"उद्या बघू."

"तुझा उद्या ठावं हाय मला."

रतननं खेळ कपाटात ठेवून दिला. दगड बसला की ताल पुरी होणार होती. जागा मोकळी होती तोवर तिथं कुणीतरी वाट पाहत होतं. तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

श्राद्धाची माणसं जेवून गेली. ऊन माथ्यावर आलं. कपाटातून बारीक आवाज आला.

तिनं खेळ बाहेर काढला. लांब ठोकळा खाली येत होता. सातव्या घराच्या तोंडाशी येऊन तो थांबला. रतननं कळ दाबली नाही. ठोकळाही पडला नाही.

तिनं दोन्ही सेल काढून खिडकीत ठेवले.

ठोकळा तिथंच होता.

ती शेताकडं निघाली. ज्वारी हुरड्यात आली होती, पण एकही पाखरू नव्हतं. तालीच्या वरच्या थरात खाच होती. तिनं डावीकडून दगड मोजले. सहा दगड, मग खाच.

उभा दगड गवतात आडवा पडला होता. भर उन्हातही तो गार लागला. एका माणसाला उचलण्याजोगा तो नव्हता. तिनं एक टोक धरलं आणि दगड सरळ उचलला गेला, दुसरं टोक कुणीतरी धरलं असावं तसा.

तिनं पलीकडं पाहिलं नाही.

दगड खाचेत नेमका बसला.

"आले, तात्या," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा खेळ बानूबाईंच्या मांडीवर होता. पडदा कोरा होता.

"थांबला बघ," त्या म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल दिसला. रतनलाही हलकं वाटलं. तिनं चारच्या एस.टी.साठी पिशवी भरली, चपला घातल्या.

"येत्या रविवारी येशील न्हवं?" बानूबाईंनी विचारलं.

"या रविवारी परीक्षा आहे गं. त्याच्या पुढच्या रविवारी नक्की."

बानूबाईंनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर बारीक आवाज झाला.

खिडकीत दोन्ही सेल तसेच होते. पडद्याच्या तळाशी चार थर रचलेले होते, सातवं घर मोकळं. आणि उजवीकडच्या लहान चौकटीत लांब ठोकळा येऊन थांबला होता.