मेळांक शून्य

प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर सहा रेषा थरथरत होत्या. त्यातल्या पाच जवळजवळ एकमेकींवर चढून बसल्या होत्या. सहावी, निळी, त्यांच्यात कुठेच मिसळत नव्हती.

"ही कस्तुरी ना?" प्रशिक्षक विलास डोंगरवारांनी विचारलं.

"हो," डॉ. हेमांगी खानोलकर म्हणाल्या. "मेळांक शून्याच्या आसपास."

"मग मी इतके दिवस म्हणतोय तेच खरं निघालं. पोरगी मैदानावर आहे, पण संघात नाही. सेटर बदलायला हवी."

अमरावतीच्या त्या महाविद्यालयाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ मागच्या हंगामात एकदाही हरला नव्हता. या हंगामात मात्र दुबळ्या संघांकडूनही मार खात होता. याच वर्षी हेमांगींची मेंदू-ताल प्रयोगशाळा क्रीडा विभागाला जोडली गेली आणि खेळाडूंच्या कपाळावर तालपट्ट्या आल्या. घाम टिपायला बांधतात तशीच दिसणारी ही पट्टी मेंदूतल्या विद्युत लहरी वाचून पाठवत असे. माणसं मिळून काही काम करू लागली, गाऊ लागली, होडी वल्हवू लागली, की त्यांच्या मेंदूंचे ताल हळूहळू जुळत जातात. एखाद्या खेळाडूचा ताल बाकीच्यांशी किती जुळतो, हे सांगणारा आकडा म्हणजे मेळांक.

कस्तुरी मडावी पांढरकवड्याची. तिसऱ्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षापासून संघाची सेटर. व्हॉलीबॉलमध्ये सगळा खेळ सेटरच्या बोटांतून जातो. अंगावर आलेला चेंडू एकजण उचलते, तो सेटरकडे येतो, आणि पुढे कुणासाठी, कुठे, किती उंच सोडायचा हे क्षणात तिलाच ठरवावं लागतं. तिच्या जागी डोंगरवारांच्या मनात होती जुई नानोटी. पहिल्या वर्षाची, मऊ हातांची, सगळ्यांची लाडकी. सरावात तिचा मेळांक संघात सर्वांत जास्त यायचा.

"सर, शून्य दोन तऱ्हेचं असतं," हेमांगी म्हणाल्या. "आपण सहा जणींची तुलना एकाच क्षणाला करतो. आता मी फक्त निळी रेषा थोडी मागे सरकवते. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळाने."

त्यांनी बोट फिरवलं. निळी रेषा सरकली आणि बाकीच्या पाचांवर तंतोतंत बसली.

डोंगरवार खुर्चीतून पुढे झुकले. "म्हणजे?"

"म्हणजे तिचा ताल कुणाशी जुळत नाही असं नाही. पाचही जणी तिचाच ताल घेतात, फक्त उशिरा. ती जे ठरवते ते त्यांच्या शरीरात नंतर पोचतं. ज्याचा ताल सगळे घेतात, तो स्वतः कुणाच्याच तालात नसतो. ती जितका वेळ पुढे असते, त्याला आम्ही अग्रकाळ म्हणतो."

"हे सगळं ठीक आहे हो मॅडम. पण मग हरतोय का आपण?"

हा प्रश्न येणार हे हेमांगींना माहीत होतं, आणि उत्तर कस्तुरीच्या बाजूचं नव्हतं.

"तिचा अग्रकाळ वाढत चाललाय. ती दर आठवड्याला अधिक चपळ होतेय. फटका मारायला अल्फिया उडी मारायच्या आत चेंडू तिथे पोचलेला असतो. मुलींना आता ती गाठता येत नाही."

"तिला सांगू, जरा दमाने खेळ."

"सांगून पाहिलं. दमाने खेळायला गेली की ती विचार करायला लागते, आणि विचार करायला लागली की चेंडू हातातून निसटतो."

"मग प्रश्नच मिटला," डोंगरवार उठत म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. कस्तुरीला पांढरकवड्याहून तेच घेऊन आले होते. "ती चांगली आहे म्हणून काढायची. असलं कारण मी आजवर कुठल्याच खेळाडूला दिलं नाही. तुम्हीच सांगा तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुरी प्रयोगशाळेत आली. हेमांगींनी "बस" म्हणायच्या आत ती बसली होती, आणि त्यांनी विषय काढायच्या आत म्हणाली, "मला काढताय ना, मॅडम?"

हेमांगींनी तिला सगळं समजावलं. रेषा दाखवल्या, सरकवून दाखवल्या. कस्तुरी निळ्या रेषेकडे बराच वेळ बघत राहिली.

"होस्टेलवर मुली म्हणतात, तुझ्याशी बोलताना वाटतं तुला कुठेतरी जायचंय. कुणी गंमत सांगत असलं की मी आधीच हसून मोकळी होते. मग त्या हसतात तेव्हा माझं तोंड बंद असतं. त्यांना वाटतं, मी शिष्ट आहे." ती थांबली. "मला कधीच घाई नव्हती, मॅडम. मला वाटायचं, मला माणसांशी बोलताच येत नाही."

"तुझा यात काही दोष नाही."

"मेसमध्ये मी एकटी जेवते, तेही यामुळेच?"

या प्रश्नाला विज्ञानात उत्तर होतं, पण हेमांगींना ते तिच्या तोंडावर सांगवेना. त्या पडदा बंद करायला वळल्या. मागे वळून पाहिलं तर कस्तुरी निघून गेली होती.

पुढच्या सामन्यात जुई सेटर म्हणून उतरली आणि कस्तुरी राखीव बाकावर बसली. संघ अडखळत खेळला, पण जिंकला. त्याच्या पुढचा सामना सहज जिंकला. डोंगरवारांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

राखीव खेळाडूंनाही तालपट्टी बांधावी लागे, त्यामुळे हेमांगींना आणखी काही दिसत होतं. बाकावर बसून कस्तुरीला काही ठरवायचं नव्हतं. ती बाकीच्यांसारखीच जुईच्या चेंडूकडे बघत होती, तो गेला की मान वळवत होती. तिची निळी रेषा दिवसागणिक मागे येत होती, आणि एके दिवशी ती बाकीच्यांत अशी मिसळली की हेमांगींना ती शोधावी लागली.

कस्तुरीला हे यंत्राच्या आधी कळलं होतं. मेसमध्ये अल्फियाने वॉर्डनबाईंची नक्कल केली आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. हसता हसता कस्तुरीच्या लक्षात आलं की आपला आवाज त्या हसण्यात आहे. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, बरोबर मध्ये. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्फियाला वाटलं हसून हसून आलं. तिने कस्तुरीच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या घासाला आपल्या डब्यातलं लोणचं तिच्या ताटात वाढलं.

त्या दिवशी जुई टेबलाच्या टोकाला बसली होती. तिचं जेवण केव्हाच झालं होतं. ती उठली, कुणाला काही न बोलता ताट ठेवून निघून गेली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

उपांत्य सामन्यानंतर जुई कस्तुरीच्या खोलीवर आली. दारातच उभी राहून म्हणाली, "कस्तुरीताई, तुला एक विचारू? या सगळ्या एवढ्या हळू काहून झाल्या?"

"कोण हळू झालं?"

"सगळ्याच. मैदानावर नाही फक्त. आई फोनवर बोलते तर मला तिचं वाक्य आधीच कळलेलं असतं, आणि मी वाट बघत बसते. वर्गात, मेसमध्ये, सगळीकडे वाटच बघते मी. तुला असं व्हायचं?"

कस्तुरीला उत्तर द्यायचं होतं. पण ते शब्दांत मांडेपर्यंत जुईने तिच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचलं होतं. "बरं," एवढंच म्हणून ती जिना उतरून गेली. आपण मागे पडलो, हे कस्तुरीला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. ती तशीच दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने हे हेमांगींना सांगितलं. हेमांगींनी डोंगरवारांना बोलावून घेतलं. पडद्यावर जुईची पिवळी रेषा होती. तिचा मेळांक शून्यावर आला होता आणि अग्रकाळ वाढत होता, कस्तुरीच्या दुप्पट वेगाने.

"माझी चूक झाली," हेमांगी म्हणाल्या. "मला वाटलं हा कस्तुरीचा स्वभाव आहे. हा त्या जागेचा गुण आहे, सर. तिथे जी उभी राहील तिच्यामागे सगळ्या चालणार, आणि ती एकटी पडणार."

"अंतिम सामन्यापर्यंत जुई टिकेल का?"

"पूर्ण सामना नाही टिकणार."

"मग निकड पडली की कस्तुरीला उतरवू."

"तिला त्या जागेवर परत पाठवताना आपण काय करतोय, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," डोंगरवार म्हणाले. "पण सेटरशिवाय खेळता येत नाही, मॅडम. कुणाला तरी उभं राहावंच लागतं."

अंतिम सामना नागपूरला बंदिस्त मैदानात होता. समोर गतविजेता संघ. पहिले दोन डाव जुईने जवळजवळ एकहाती काढले. तिसऱ्यात तिचे चेंडू मुलींच्या पुढे धावू लागले. चौथ्यात अल्फिया हवेत असताना चेंडू तिच्या हातावरून निघून गेलेला असायचा. प्रेक्षक जुईलाच हसत होते. दोन-दोन अशी बरोबरी झाली. निर्णायक डावाच्या सुरुवातीलाही तेच घडलं, तेव्हा डोंगरवारांनी हात वर केला. जुई बाहेर आली आणि कस्तुरी आत गेली. मुलींनी तिला मिठ्या मारल्या. एवढ्या मिठ्या तिला तीन वर्षांत मिळाल्या नव्हत्या.

समोरून सर्व्हिस आली. अल्फियाने चेंडू सुरेख उचलला. तो उंच गेला आणि अगदी मधोमध खाली येऊ लागला. तो कस्तुरीचाच होता. कस्तुरीने अल्फियाकडे पाहिलं. अल्फियाने तिच्याकडे पाहिलं. बाकीच्या चौघींनीही पाहिलं. चेंडू सहा जणींच्या मधोमध जमिनीवर पडला, आणि सहाही जणी ओशाळून एकाच क्षणी हसल्या.

बाकामागे बसलेल्या हेमांगींच्या मांडीवरच्या पडद्यावर सहा रेषांची एकच रेषा झाली होती. इतका मोठा मेळांक त्यांनी आजवर कुठल्याच संघात पाहिला नव्हता. सहा जणी इतक्या जुळल्या होत्या की चेंडू घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

पुढचा चेंडूही तसाच गेला.

"कस्तुरी!" डोंगरवार ओरडले.

कस्तुरी जाळीपाशी उभी होती. मागे अल्फिया म्हणत होती, "जाऊ दे गं, पुढचा घेऊ." तो आवाज तिच्या कानाशी होता, उबदार. काय करायचं हे तिला ठाऊक होतं. अल्फियाकडे बघायचं नाही. कुणाकडेच बघायचं नाही. कोण काय करेल याची वाट न बघता ठरवायचं आणि निघायचं. परत आलं की बरोबर कुणी असेलच असं नाही. मेसमधलं ते हसणं तिला आठवलं. पुन्हा लोणचं वाढायला कुणी थांबेल का, असंही मनात आलं.

सर्व्हिस आली. चेंडू उचलला गेला. कस्तुरीने पाठ फिरवली, आणि न बघता डोक्यामागे सोडला. तो जाळीच्या टोकाला गेला, अल्फिया आपसूक तिथे पोचली होती. धाडकन आवाज झाला आणि गुण मिळाला.

हेमांगींच्या पडद्यावर निळी रेषा बाकीच्यांतून सुटली. अगदी थोडी, केसाएवढी. कस्तुरी तळापासून पुन्हा सुरू करत होती, म्हणून मुलींना ती गाठता येत होती. गुण चढू लागले. पण चेंडूगणिक रेषा आणखी पुढे सरकत होती. आता आकडे दोन ठिकाणी वाढत होते, गुणफलकावर आणि हेमांगींच्या मांडीवर, आणि त्यांतला कुठला आधी टोकाला पोचेल ते त्यांना सांगता येत नव्हतं. अल्फियाचा एक फटका उशिरा बसला. मग दुसरा, जेमतेम आत पडला. कस्तुरीच्या चेहऱ्यावर तो जुना भाव परत आला होता, एखाद्या रिकाम्या स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाचा.

शेवटचा गुण. चेंडू कस्तुरीकडे आला. तिने तो सोडला, आणि बोटांतून सुटताच तिला कळलं. अल्फिया अजून जमिनीवर होती, समोरच्या मुली अजून हात वर करत होत्या. अल्फियाचा फटका त्या हातांच्या कडेने कोपऱ्यात पडणार होता. संपलं होतं. सगळ्या मैदानात हे एकट्या तिला माहीत होतं. तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली.

त्याच क्षणी आणखी एक आवाज उठला.

त्या स्तब्ध मैदानात, अल्फियाने उडी मारण्याच्याही आधी, दोनच मुली ओरडत होत्या. एक जाळीपाशी, एक राखीव बाकावर. कस्तुरीने वळून पाहिलं. जुई बाकावर चढून उभी होती, दोन्ही हात वर, आणि तिच्याकडेच बघत होती. दोघी एकदमच हसल्या.

हेमांगींनी पडद्याकडे पाहिलं. निळी आणि पिवळी, दोन रेषा एकमेकींवर जराही न सरकवता बसल्या होत्या. जुई आता बाकावर आली होती. आठवडाभरात तिचा ताल मागे येईल, ती पुन्हा सगळ्यांच्या हसण्यात हसू लागेल, आणि निळी रेषा एकटी पुढे जाईल. हे त्यांना दिसत होतं.

मग फटका बसला, चेंडू कोपऱ्यात पडला, आणि उरलेलं सगळं मैदान ओरडलं.