पंगतीतला पाहुणा आणि व्हिसाची खिडकी

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या. कीर्तन आणि गोष्ट पाठ टेकून ऐकू नये, डोळा लागतो. आणि ही गोष्ट झोपेत निसटून जाण्यासारखी नाही. हिच्यात राम आहे, खीर आहे, अमेरिका आहे आणि एक लबाड माणूस आहे. लबाड कोण ते शेवटी कळेल. तोवर सगळ्यांना भले समजा.

तर, घनसावंगीहून जांब समर्थाकडे जाताना वाटेत एक लहानसं गाव लागतं. रामनवमीला तिथल्या सप्ताहाची सांगता होते. काल्याचं कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, की मंदिरापुढच्या कडुनिंबाखाली पंगती बसतात. वरून निंबाचा मोहोर टपटप गळत असतो, कधी कुणाच्या टोपीवर, कधी भातात. कुणी काही म्हणत नाही. प्रसादात देवाचं झाड थोडं पडायचंच!

त्या वर्षी खीर वाढायला साधना होती. चतुराबाईची एकुलती एक लेक. चतुराबाई म्हणजे गावातल्या बायकांचा हरिपाठ जिच्या टाळावर उभा राहतो ती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून एका हातात टाळ आणि एका हातात लेक धरून तिनं दिवस काढले. लेक परतूरच्या कॉलेजात शिकली, पण सप्ताहात पदर खोचून वाढायला सगळ्यांच्या पुढं.

साधना गव्हाच्या खिरीची बादली घेऊन, मान खाली घालून, पानामागून पान वाढत चालली होती. एका पत्रावळीवर तिनं एक वगराळं खीर ओतली. आवाज आला,

"थँक्यू."

ती थबकली. आजवर पंगतीत कुणी थँक्यू म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. आपल्याकडे पुरे झालं की पत्रावळीवर हात आडवा धरतात. हात आडवा नाही, म्हणजे अजून हवंय. तिनं दुसरं वगराळं ओतलं.

"थँक्यू."

तिसरं.

"थँक्यू..."

आता खीर भाताच्या आळ्यात शिरली आणि वांग्याच्या भाजीकडे निघाली. शेजारच्या पानावर अण्णासाहेब होते, गावचे पुढारी. ते म्हणाले, "अगं पोरी, पाहुण्याला बुडवतीस का काय?"

"त्यांनी हात न्हाई धरला आडवा," साधना म्हणाली. मग त्या पाहुण्याकडे पहिल्यांदा नीट बघत, "काय हो, खायचंय का पोहायचंय?"

पाहुण्यानं वर पाहिलं. निळी जीन्स, कपाळाला बुक्का, आणि हसताना एकाच गालाला पडणारी खळी.

"खाऊन राह्यलो ना," तो म्हणाला. "येऊ द्या."

साधनाला हसू आवरेना. कपडे परदेशी आणि बोली तिच्या आजोबांच्या वेळची! चौथं वगराळं ओतून ती पुढं गेली. पंगत उठताना मात्र तिनं वळून पाहिलं. पत्रावळ लख्ख होती. शीतसुद्धा नाही.

हा कल्याण. याच गावच्या रामराव आचाऱ्याचा मुलगा. रामरावांना अमेरिकेतल्या एका देवळानं स्वयंपाकाला बोलावून घेतलं, तेव्हा पोरगा चौदा वर्षांचा होता. तिकडेच वाढला, तिथला नागरिक झाला. बर्फ पडणाऱ्या एका गावात घरोघरच्या भट्ट्या दुरुस्त करत फिरायचा. तिकडे घर गरम ठेवायला तळघरात भट्टी असते म्हणे. त्याची मराठी मात्र चौदाव्या वर्षीच थांबलेली, कोणी हात न लावलेल्या लोणच्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चतुराबाईच्या दारात उभा.

"मावशी, ओवा आहे का?"

चतुराबाई आत ओवा शोधायला गेली. साधना दारात आली.

"पोट दुखतंय?"

"जरा."

"चार वगराळी खाल्ल्यावर दुसरं काय होणार? टाकायचं होतं पानात."

"पानात टाकायचं नसतं," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि वाढणारी समोरून बघून राह्यली असली तर..."

"मी कुठं बघत होते?"

"वळून बघितलंस ना. शेवटी."

साधनानं ओव्याची पुडी त्याच्या हातात आदळली आणि घरात पळाली. तिसऱ्या दिवशी तो परत आला. चौथ्या दिवशीही.

"अजून पोट बरं न्हाई?" तिनं विचारलं.

"पोट बराबर आहे. ओव्याची सवय लागली."

पुढचं काय सांगायचं! रामरावांनी चतुराबाईला रीतसर विचारलं, चतुराबाईनं लेकीला विचारलं, लेकीनं उत्तर न देता दोन दिवस ओवा निवडला. अक्षय तृतीयेला लग्न लागलं. अण्णासाहेबांनी सगळं अंगावर घेतलं, इतकं की एकूणएक फोटोत मधोमध तेच. हार घालताना ते, सप्तपदीला ते, आणि जिथं ते नाहीत तिथं अंतरपाट.

कल्याण परत गेला. अर्ज गेले. मग दीड वर्ष वाट पाहणं. या दीड वर्षात तो एकदाच आला, दहा दिवसांसाठी. पण रोज संध्याकाळी, हरिपाठाच्या वेळी, त्याचा फोन यायचा. इकडची तिन्हीसांज ती तिकडची सकाळ. चतुराबाई फोन देवळाच्या खांबाला टेकवून ठेवायची, आणि तिकडे कामाला निघायच्या आधी तो टाळ घेऊन उभा राहायचा. त्याचा टाळ फोनातून अर्धा क्षण उशिरा पोचायचा. साऱ्या बायका हसायच्या. साधना मात्र त्या उशिरा येणाऱ्या टाळासाठी आपला टाळ जरा लांबवायची...

आणि एक दिवस मुलाखतीची तारीख आली. मुंबई, अमेरिकन वकिलात. त्याच्या आधी चार दिवस वैद्यकीय तपासणी.

परतूरच्या बुद्धभूषण सरांनी तिचे सगळे कागद लावून दिले होते. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि साधनाला पोटच्या पोरीसारखं रागवायचे. त्यांनी तिची तयारी सुरू केली.

"नवऱ्याचं काम काय?"

"सर, त्याचं असं आहे, तिकडे थंडी फार. आता थंडी म्हणजे कशी, तर आपल्याकडे पौषात..."

"साधना! हे कीर्तन न्हाई. तू पूर्वरंग लावून राह्यलीस. विचारलं तेवढंच सांग. नवऱ्याचं काम काय?"

"भट्ट्या दुरुस्त करतात."

"बराबर. बास. आणि तुम्हा दोघांचे फोटो छापून घे. जल्दी. फोन आत नेऊ देत न्हाईत."

साधना बाजारातल्या स्टुडिओपर्यंत गेली आणि पायरीवरून परत फिरली. फोनातले फोटो काय होते? जांबच्या देवळाच्या पायरीवर कल्याण तिच्या वेणीतला मोगरा सारखा करतोय. गोदावरीच्या काठी तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलंय. हे छापायचे? स्टुडिओवाला आधी स्वतः बघणार, मग सगळा बाजार. नको गं बाई. लग्नाचा अल्बम आहे की, दोनशे फोटोंचा! तिनं अल्बम पिशवीत घातला आणि सरांना "झालं" म्हणून सांगितलं.

मायलेकी मुंबईला गेल्या. तपासणीच्या दवाखान्यात एक्स-रेच्या आधी गळ्यातलं काढायला सांगितलं. मंगळसूत्र आणि तुळशीची माळ. साधनाचा चेहरा उतरला. लग्नापासून मंगळसूत्र गळ्यातून उतरलं नव्हतं.

चतुराबाईनं हात पुढे केला. "दे इकडं. मी मुठीत धरून बसते. नामस्मरण थांबवत न्हाई तोवर. जा."

आणि ती बाकावर खरोखरच तशी बसली, डोळे मिटून, मूठ छातीशी धरून. लेक सुया टोचून घेऊन, रक्त देऊन बाहेर आली तेव्हा मूठ उघडताना आईची बोटं आखडली होती.

संध्याकाळी फोनवर कल्याणनं विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"म्हणाल्या, छाती साफ आहे. पण ठोके जास्त पडतात."

"अगं बापरे! मंग?"

"मी म्हटलं, नवऱ्याशी आत्ताच बोलून आलेय. तर हसल्या, थोडं थांबल्या आणि परत मोजले."

"आणि?"

"...तरी जास्तच होते."

मुलाखतीच्या सकाळी साधनानं हिरवी साडी नेसली. फोन आईकडे दिला. आत थंडगार हवा, रांगा, आणि खिडक्यांमागून येणारे आवाज. तिचा नंबर लागला. काचेपलीकडे सोनेरी केसांची एक अधिकारी बाई, आणि तिच्या शेजारी प्रश्न मराठीत सांगणारी दुसरी.

साधनाला सरांचे शब्द आठवले. विचारलं तेवढंच.

"नवऱ्याचं काम?"

"भट्ट्या दुरुस्त करतात."

"ओळख कशी झाली?"

"सप्ताहात."

"लग्न कधी ठरलं?"

"महिन्यात."

"दीड वर्षात किती वेळा भेटलात?"

"एकदा."

अधिकारी बाईची भुवई वर गेली. तिनं अल्बम मागितला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर दहा. मग अण्णासाहेबांच्या फेट्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे तुमचे पती?"

"न्हाई! ते अण्णासाहेब."

"प्रत्येक फोटोत तेच आहेत. पती कुठे आहेत?"

साधनानं वाकून दाखवलं. "हा बघा, इथं... अण्णासाहेबांच्या कोपराखाली... अर्धा कान दिसतोय तो."

अधिकारी बाई हसली नाही. तिनं बाजूचा एक छापील कागद ओढला. मराठी सांगणारीनं हळू आवाजात सांगितलं, "नातं खरं आहे याचे आणखी पुरावे मागवतील. पुन्हा तारीख मिळायला काही महिने लागू शकतात."

काही महिने! साधनाच्या डोळ्यांपुढे देवळाचा खांब आला, त्याला टेकवलेला फोन, आणि अर्धा क्षण उशिरा येणारा टाळ. तिनं मनात समर्थांना हाक मारली, सरांची क्षमा मागितली आणि पदर सारखा केला.

"बाई, तुम्ही विचारलं ओळख कशी झाली. मी अर्धंच सांगितलं. पूर्ण सांगू?"

पेन थांबलं. "सांगा."

आणि साधनानं सांगितलं, जसं आईकडून ऐकत वाढली होती तसं. निंबाचा मोहोर सांगितला, बादली सांगितली. पंगतीत थँक्यू म्हणत नाहीत, पुरे झालं की हात आडवा धरतात, हे काचेवर स्वतःचा तळहात आडवा धरून दाखवलं. पहिलं वगराळं, दुसरं, तिसरं... "खायचंय का पोहायचंय"ला मराठी सांगणारीच आधी फसकन हसली आणि इंग्रजीत सांगेपर्यंत तिला दोनदा थांबावं लागलं.

अधिकारी बाईनं पेन खाली ठेवलं. "मग? सगळं खाल्लं त्यांनी?"

"सगळं. शीतही न्हाई ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओवा मागायला आले."

अधिकारी बाईनं समोरचे कागद चाळले, एका ओळीवर थांबली आणि मान तिरकी करून काही म्हणाली. मराठी सांगणारीनं ते सांगितलं, पण सांगता सांगता तिचेच डोळे मोठे झाले.

"त्या विचारतायत, तुमचे पती चौदा वर्षांचे होईपर्यंत याच गावात राहत होते ना? मग हात आडवा धरायचा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं?"

साधनानं बोटांवर मोजलं.

चौदा वर्षं. चौदा सप्ताह. आचाऱ्याचा पोरगा, पंगतीतच वाढलेला...

दीड वर्षात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं! कानाच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत ती लालबुंद झाली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून एवढंच बाहेर पडलं, "अग्गं बाई... लबाड!"

हा शब्द इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही. तसा चेहरा कुणाला पाठ करून आणता येत नाही, हे त्या खिडकीमागं बसणाऱ्या बाईला ठाऊक असणार. तिनं छापील कागद जागेवर ठेवून दिला, कीबोर्डवर काही टिपलं आणि पहिल्यांदा मोकळं हसली. मराठी सांगणारी म्हणाली, "मंजूर झाला तुमचा व्हिसा. आणि त्या म्हणतायत, तिथं पोचलात की नवऱ्याला हे जरूर विचारा."

तिथं पोचेपर्यंत कोण थांबतंय! बाहेर आईच्या गळ्यात पडून झालं, आणि साधनानं फोन ओढून घेतला. तिकडे किती वाजले असतील याचा विचारही केला नाही. एक रिंग पुरी व्हायच्या आत कल्याणनं उचलला.

"मिळाला," ती म्हणाली.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"रडून राह्यलात का?"

"न्हाई... सर्दी झालीय."

"बरं. आता एक सांगा. बिलकुल खोटं न्हाई. हात आडवा धरायचं तुम्हाला ठाऊक होतं का न्हाई?"

पलीकडून पुन्हा नाक ओढल्याचा आवाज.

"अहो?"

"...होतं."

"मंग?"

"मंग काय... तू खिरीकडंच बघून राह्यली होतीस. हात आडवा धरला असता तर पुढच्या पानावर गेली असतीस. थँक्यू म्हटलं, तर थांबलीस. म्हटलं, ही अजून एकदा थांबती का बघावं."

"चारदा?"

"चौथ्याला तर माझ्याकडं बघूनच वाढलंस. मी पाचव्याची वाट बघून राह्यलो होतो."

"आणि ओवा?"

"ओवा खरा होता गं. रात्रभर तळमळलो."

साधना भर रस्त्यात खळाळून हसली, इतकी की चतुराबाईनं तिच्या पाठीवर एक चापट मारली. मग आवाज एकदम मऊ करून ती फोनात म्हणाली, "येतेय मी. आता हात आडवा धरलात तरी वाढीन."

"धरलाय कुणी इथं?" तो म्हणाला. "थँक्यू."

तर असा तो लबाड. पण मला विचाराल तर देवाच्या दारातही असाच लबाडपणा चालतो. जो बास म्हणतो त्याच्यापुढून वाढणारा निघून जातो. नामाला कधी हात आडवा धरू नये.

पौषात साधना बर्फाच्या गावी पोचली. आता संध्याकाळी देवळाच्या खांबाला टेकवलेल्या फोनातून दोन टाळ येतात, दोन्ही अर्धा क्षण उशिरा. आणि इकडे चतुराबाई आपला टाळ जरा लांबवते. बायका म्हणतात, लय चुकली. ती म्हणते, चुकू द्या.

तेव्हा आता घरी जा. पण कुठं पंगतीत बसलात आणि कुणी वाढायला आलं, तर हात आडवा धरण्याआधी त्या चतुराबाईची आठवण काढा. लेकीचं मंगळसूत्र तिनं मुठीत धरलं होतं, आणि लेक दूर निघाली तेव्हा हात आडवा न धरता तीच मूठ हसत हसत उघडली.