मागच्या सीटचा मान

आमच्या घरात थापा मारायचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे ही हकीकत कोणी खरी मानत नाही.

पण ती घडली. मी तिथे होतो.

साल दोन हजार तेवीस. धोंड्याचा महिना, जावयाला सासरी जेवायला बोलावतात तो. बदनापूरहून आष्टीला निघालो होतो. आणि माफ करा, वेळ मध्यरात्रीची नव्हती...

भर दुपारची होती.

दोन मोटारसायकली. एकीवर मी आणि माझी बायको पुष्पाबाई. दुसरीवर माझा पुतण्या कल्याण आणि त्याची बायको मोनाली.

मोनाली त्याची दुसरी बायको. पहिली शीतल तापाने गेली. त्याची गाडी शीतलनेच पसंत केलेली, रंगासकट.

मोनालीचं लग्नानंतरचं हे पहिलं मोठं माहेरपण. नवऱ्याच्या मागे बसून गावात शिरायचं आणि सगळ्या आष्टीनं ते बघायचं, एवढीच तिची हौस होती.

जालना सोडलं आणि कल्याणची गाडी बंद पडली.

मोनाली उतरली. गाडी चालू झाली.

ती बसली... बंद.

पुन्हा उतरली. चालू.

"तुझ्या वजनानं पडून राह्यली का काय गं?" पुष्पाबाई म्हणाली. स्वतःचं वजन विसरून.

मोनाली हसली नाही.

ढकलत, थांबत कसेबसे अंबडला पोचलो. स्टँडजवळ महेमूद मेस्त्रीचं गॅरेज. त्याने प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलची नळी फुंकली. मग गाडी सरळ उभी धरून मागे वाकून बघत बसला.

"चाचा, गाडी बिलकुल बराबर है. पण आधी त्यांना उतरायला सांगा ना."

"कोणाला?"

"मागं बसल्या त्या."

मोनाली समोरच्या लिंबाखाली उभी होती.

मी सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती...

पण मागचं शॉकअप दबलेलं होतं. माणूस बसल्यावर दबतं तेवढं.

महेमूदने हात पुसले आणि तो चहा सांगायला म्हणून गेला. चहा आला नाही. महेमूदही आला नाही.

पुष्पाबाईने मोनालीला बाजूला घेतलं.

"टाक कुठाय गं?"

आमच्याकडे दुसरी बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते. सणावारी पहिलं हळदीकुंकू त्या टाकाला, मग स्वतःला. मेलेलीचा मान राहतो आणि ती त्रास देत नाही, असं म्हणतात.

मोनालीचा गळा मोकळा होता.

"घरी काढून ठेवला."

"काढला? अन् का?"

"माहेरी जाऊन राह्यले ना, काकू! तिथंबी तिला घेऊन जाऊ? घरात ती, गाडीवर ती, छातीवर ती. मंग मी कुठं?"

पुष्पाबाईने विषय तिथंच सोडला. असं आमच्या संसारात क्वचितच झालंय.

शेवटी मोनाली माझ्या गाडीवर पुष्पाबाईच्या मागे बसली. आम्ही तिघं एका गाडीवर. कल्याण एकटा पुढे निघाला.

एकट्याची गाडी अशी पळाली की बस्स.

मोनाली त्या गाडीकडे एकटक बघत होती. दिसेनाशी झाली तरी बघत होती.

घनसावंगीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. पंक्चरवाला मिळेपर्यंत तास गेला. आष्टीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती.

मोनालीची आई उषाबाई दारातच होती. मोनालीला माझ्या गाडीवरून उतरताना बघून ती हसली.

"अगं, मघाशीच तर आत गेलीस! परत कुठून आलीस?"

मोनाली गाडीजवळच थांबली.

"जावयाच्या मागूनच उतरलीस की. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. मी भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. शब्द न्हाई बोललीस. मला वाटलं, रस्त्यानं थकली असल, पडू दे जरा..."

बोलता बोलता तिचं हसू गेलं.

आम्ही आत गेलो.

उंबऱ्यापासून पावलं आत गेली होती, अजून ओली. मधल्या खोलीत जेवणासाठी दोन पाट मांडलेले. एक जावयाचा, एक लेकीचा. पावलं लेकीच्या पाटापर्यंत होती...

परत फिरलेली नव्हती.

कल्याण ओसरीवर बाजेवर बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"मागं कोणी बसलंय, तुला कळलं न्हाई?"

"कळलं."

"कधी?"

"अंबड सोडल्यावर. खांद्यावर हात आल्ता."

"मंग गाडी थांबवायची! मागं वळून तरी पाहायचं!"

त्याने आपल्या खांद्याला हात लावला.

"पाह्यलं असतं, तर ती उतरली असती, काका."

मी मान वर केली. दारात मोनाली उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

तिने सगळं ऐकलं होतं.

तांब्या तिने नवऱ्याजवळ ठेवला. आत गेली. ओल्या पावलांवर पाय देत त्या पाटापाशी गेली आणि बसली. तिच्या आईने पाट पुसायला फडकं आणलं होतं. तिने ते बाजूला सारलं.

"या जेवायला," ती म्हणाली.

दोघं शेजारी शेजारी जेवले. पुरणाचे धोंडे, तूप, सगळं. मोनालीला गोड आवडत नाही, असं उषाबाई वाढताना म्हणाली. मोनालीने दोनदा वाढून घेतलं.

परतताना ती कल्याणच्या मागे बसली. गाडी एका किकमध्ये चालू झाली आणि बदनापूरपर्यंत एकदाही बंद पडली नाही. आजपर्यंत पडलेली नाही.

टाक अजून कपाटातच आहे. कोणी मागत नाही. शीतलचा विषय निघाला तर मोनाली चिडत नाही... गोड हसते.

पुष्पाबाई म्हणते, पोरगी शहाणी झाली. असेलही. त्या पाटावर बसली ती मोनालीच होती, हे मी शपथेवर सांगतो. उठली कोण, ते मात्र माझ्याने सांगवत नाही.

कल्याणला विचारावं म्हटलं, तर तो हल्ली फार खूश असतो.

मला भीती वाटते ती त्या खुशीचीच.