कानामागचा हिरवा दिवा

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या मैदानावर त्या जानेवारीत इतकं धुकं पडायचं, की पहाटे तिथे जमणारी माणसं दिसायच्या आधी त्यांचे दिवे दिसायचे. प्रत्येकाच्या उजव्या कानामागे नखाएवढा हिरवा ठिपका. ते ठिपके डुलत डुलत जवळ यायचे, मग खोकल्याचा आवाज, बुटांचा आवाज आणि शेवटी माणूस.

हेमांगी निगडकर सगळ्यांत शेवटी पोचायची. रिक्षातून उतरल्यावर गुडघे सरळ होईपर्यंत तिला दांडीला धरून उभं राहावं लागे. पाटबंधारे खात्यात ती आरेखक होती, वय सत्तेचाळीस. काही वर्षांपूर्वी चिकुनगुनियाचा ताप आला आणि गेला, पण सांधे दुखायचे ते दुखतच राहिले. मनगटं, घोटे, कंबर. सकाळी दात घासायचा ब्रशसुद्धा जड व्हायचा.

"या, निगडकरताई! धुक्यात हरवलाय व्हय?" सुभेदार साबळे ओरडले. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा बूट कॅम्प सुरू केला होता. वाळूच्या पिशव्या, ट्रॅक्टरचे जुने टायर, चढायला दोरखंड आणि सुभेदारांचा आवाज, एवढंच त्यांचं सामान. "जोडीदाराचा दिवा बघा आन् मोठ्यानं सांगा!"

स्वतःचा दिवा स्वतःला दिसत नसे, म्हणून जोड्या. हिरवा असेल तर थांबायचं नाही. पिवळा झाला तर हळू. लाल झाला तर जिथे असाल तिथे खाली बसायचं. विमा कंपनीनं घालून दिलेला हा नियम सुभेदार छावणीतल्या शिस्तीनं पाळत.

"हिरवा!" तिचे जोडीदार खटावकर सर मोठ्यानं म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि खरं कसं आहे?"

"बोटं वळत नाहीयेत, सर."

"मग पिशवीचं जड टोक माझ्याकडे द्या."

वेदनापट्टी येऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. दुखतं तेव्हा मेंदूत ठरावीक तऱ्हेची लहर उठते. ती लहर कानामागच्या कातडीवरून पट्टी टिपते आणि तिच्यावरचा दिवा रंग बदलतो, हे तिचं तत्त्व. मुळात ती तान्ह्या बाळांसाठी आणि बोलता न येणाऱ्या रुग्णांसाठी बनवलेली. बाळ भुकेनं रडतंय की त्याचा कान ठणकतोय, हे आयांना कळू लागलं. पक्षाघातानं वाचा गेलेल्या म्हाताऱ्यांच्या दुखण्यांवर उपचार झाले. पट्टीनं असंख्य माणसांचं भलं केलं याबद्दल कुणालाच शंका नव्हती, हेमांगीलाही नाही. पट्टी निघाली तेव्हा तिचा नवरा शिरीष तिच्याहून जास्त खूश झाला होता. "आता तुझ्या ऑफिसातल्या लोकांची तोंडं बंद होतील," असं म्हणत तो लगेच पट्टी घेऊन आला. त्यानं स्वतःच्या हातानं ती तिच्या कानामागे चिकटवली आणि मग तिच्या कडा पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या.

"काय झालं? लाल आहे ना?"

"हिरवा आहे," तो म्हणाला.

पट्टी बदलून पाहिली. दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रावर तपासलं. हिरवाच. डॉक्टरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की काही माणसांना दुखण्याची सवय लागते, ती मोडायला हवी. मोकळ्या हवेत कसून व्यायाम करा. शिरीष तिला कधी टोचून बोलला नाही. पण ती कामावरून घरी आली, की तिच्या चेहऱ्याआधी त्याची नजर तिच्या कानामागे जायची. हळूहळू तिलाही वाटू लागलं, की आपल्याला दुखत नसेल. न दुखणं शिकण्यासाठीच ती मैदानावर येत होती. टायर उलटवताना मनगटातली कळ थेट मस्तकात जायची आणि ती स्वतःला बजावायची, हिरवा आहे, हिरवा आहे.

खटावकर सर तेवढे रोज दुसरा प्रश्न विचारत. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सडपातळ, कानटोपी घातलेले, टोपीची उजवी बाजू दिव्यासाठी कापून घेतलेली.

"तुम्ही का विश्वास ठेवता माझ्यावर?" तिनं एकदा विचारलं होतं.

"पाऊल टाकताना तुम्ही ओठ मिटता," सर म्हणाले. "जन्मभर वर्गात पोरांची तोंडं बघितली मी. पोटात दुखतंय अशी थाप मारणारं पोरगं ओठ मिटत नाही. ते आ करून दाखवतं."

ती हसली होती. त्या मैदानावर ती हसली असेल तर तेवढीच.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी सुभेदारांनी जोड्यांना पिशव्या घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. हेमांगी आदल्या रात्री कंबरेमुळे झोपली नव्हती. कधी एकदा हे संपतंय आणि आपण घरी जातोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेवटच्या फेरीआधी सर थांबले. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हेमांगीबाई, पाठीत दुखतंय हो. डाव्या खांद्यामागे. आज जरा जास्तच दुखतंय. माझा दिवा बघता का?"

तिनं पाहिलं. "हिरवा आहे, सर."

"नक्की?"

"नक्की."

सर ओठ मिटून उभे होते. धुक्यातही तिला ते दिसलं. पण तोवर तिच्या तोंडून शब्द निघून गेले होते, सगळ्यांनी तिला इतके वेळा ऐकवलेले, तयार, गुळगुळीत शब्द. "मग काही नाही, सर. मनाचे खेळ असतात. चला, एकच फेरी राहिलीय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत हमखास येणारं उत्तर एखाद्या हुशार मुलीनं चुकवावं, तसं. मग त्यांनी वाकून पिशवी उचलली.

मैदानाच्या पलीकडच्या वळणावर पिशवीचं वजन अचानक सगळं तिच्या हातांवर आलं. सर आधी गुडघ्यांवर बसले, मग कुशीवर कलंडले. सुभेदार धावत आले, त्यांनी छाती दाबायला सुरुवात केली, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. हेमांगी सरांच्या डोक्याशी बसली होती. कानामागचा दिवा हिरवा होता. मग तो विझला. मध्ये एकदाही पिवळा झाला नाही.

"झटका मोठा होता," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "पण पाठ दुखायला लागली तेव्हाच आणलं असतं, तर हातात वेळ मिळाला असता."

पाठ दुखत होती हे त्यांना हेमांगीनंच सांगितलं होतं. त्यामुळे चौकशी तिच्यापाशी आली. पट्टी बनवणाऱ्या कंपनीतर्फे वर्तक नावाची एक तरुण अधिकारी आली होती. तिनं चहा मागवला आणि हेमांगीचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"निगडकर मॅडम, हृदयविकाराचे काही झटके वेदनेशिवाय येतात. खटावकरांचा तसाच होता."

"पण त्यांना दुखत होतं. त्यांनी सांगितलं मला."

"तसं सांगणारं दुसरं कुणी आहे?"

"नाही. आम्ही दोघंच होतो."

वर्तक थोडी अवघडली. "तुमच्या पट्टीच्या नोंदी मी बघितल्यात. तुम्ही स्वतःलाही सतत दुखतं असं सांगता. दिवा मात्र कायम हिरवा आहे. मग दुसऱ्या कुणाला दुखत होतं, ही तुमची साक्ष आम्ही कशी धरायची?"

हेमांगीनं कप बाजूला सरकवला. मग तिनं विचारलं, "काही माणसांच्या मेंदूत वेगळीच लहर उठत असेल, आणि ती तुमच्या पट्टीला ऐकूच येत नसेल तर?"

"शक्य आहे," वर्तक म्हणाली, आणि ती प्रामाणिकपणे बोलत होती. "असं एखादं माणूस मिळालं तर आम्हाला हवंच आहे. फक्त त्याला खरोखर दुखतंय हे आधी सिद्ध व्हायला हवं."

"ते कशानं सिद्ध होणार?"

वर्तकनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिची नजर टेबलावर ठेवलेल्या सरांच्या पट्टीवर गेली. तिनं कागद पुढे सरकवला आणि जबाबावर हेमांगीची सही घेतली.

हेमांगीनं घरी येऊन शिरीषला सगळं सांगितलं. "त्यांना दुखत होतं आणि मी त्यांना चालायला लावलं," ती म्हणाली.

"असं मनाला लावून घेऊ नकोस. तू दिवा बघितलास ना? तुझी काही चूक नाही," तो प्रेमानं म्हणाला. ते प्रेम तिला घेता येईना. तिची चूक नव्हती हे मान्य करायचं, तर सरांना दुखत नव्हतं हे मान्य करायला हवं होतं.

चौकशीत शिबिराचा काही दोष निघाला नाही. पंधरवड्यानं ते पुन्हा सुरू झालं. हेमांगी तरीही गेली. घरी पडून राहिली असती, तर शिरीषनं काही न बोलता तिच्या कानामागे पाहिलं असतं. नवी जोडीदारीण कॉलेजात शिकणारी होती. ती "हिरवा!" म्हणायची आणि पुढे काही विचारायची नाही.

एका सकाळी व्यायाम संपता संपता सुभेदार एका वयस्कर बाईंना हात धरून घेऊन आले. त्या कुमुदताई, खटावकर सरांच्या पत्नी. त्यांना ती जागा बघायची होती. सुभेदार अवघडून बाजूला झाले. हेमांगीनं त्यांना वळणापर्यंत नेलं. दोघी एका टायरवर टेकल्या.

"इथेच का?"

"हो."

कुमुदताईंनी वाकून तिथल्या मातीवरून हात फिरवला. मग त्यांनी हेमांगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कानामागे नाही, चेहऱ्याकडेच. "कंपनीची मुलगी घरी येऊन गेली. म्हणाली, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. पण मला रात्री झोप लागत नाही. शेवटी तुम्हीच जवळ होतात. खरं सांगा हो, त्यांना दुखत होतं का?"

सर सोडले तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या शब्दावर सगळा भार टाकून बसलं होतं. ती हो म्हणाली असती, तर या बाईंनी विश्वास ठेवला असता. आणि मग पुढची सगळी वर्षं रोज रात्री हा वळणावरचा माणूस ओठ मिटून त्यांच्या उशाशी उभा राहिला असता.

"नाही," हेमांगी म्हणाली. "काही दुखत नव्हतं त्यांना."

कुमुदताईंचे खांदे सैल झाले. त्यांनी डोळे पुसले, हेमांगीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मायेनं दाबला. कळ कोपरापर्यंत गेली. कुमुदताईंना काहीतरी जाणवलं. त्यांनी हात उजेडाकडे धरून पाहिला.

"अगं बाई, बोटं किती सुजलीत तुमची! दुखतात का?"

हेमांगीनं ओठ मिटले. सरांचं दुखणं तिनं आत्ताच, याच टायरवर बसून, पुसून टाकलं होतं. आता स्वतःचं कोणत्या तोंडानं सांगायचं?