सीलबंद जवारी

दस्तगीरचाचांनी तंबोऱ्याची तार छेडली आणि शेजारच्या संगणकाकडे पाहिलं.

"डावीकडे, केसभर," संगणक म्हणाला.

चाचांनी तारेखालच्या घोडीवर केसभर कानस फिरवली. मिरजेतल्या त्या दुकानात जमलेले सहा कारागीर एकमेकांकडे बघू लागले. तार घोडीवर नेमकी टेकून गुंजत राहावी, यासाठी घोडी घासणं म्हणजे जवारी काढणं. ती फक्त कानानं निघते, असं ते बापजाद्यांपासून ऐकत आले होते.

कोपऱ्यात शैलजा उभी होती. ब्लाउज शिवता शिवता प्रोग्रॅम लिहायला शिकलेली बाई. दोन वर्षं चाचांशेजारी बसून तिनं त्यांचा कान ओळीओळीनं लिहून काढला होता. चाचांची अट एकच: "सगळ्यांना दे, शैला. पण आत कुणी डोकवायचं नाही."

म्हणून तिनं प्रोग्रॅम पेटीसारखा सीलबंद बांधला. मूळ लिखाण घरीच ठेवलं. पेटीत फक्त यंत्राला कळतील असे आकडे. तिच्या टिपा, खाडाखोड, सगळं गळून गेलं. कुणी पेटी फोडलीच तर हाती भुसा लागेल, अशी तिची खात्री होती.

"आमचा लावा की," सिकंदर म्हणाला. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान. त्यानं बायकी तंबोऱ्याची तार इतकी चढवली, की तेवढा उंच स्वर शैलजानं कधी तपासलाच नव्हता.

प्रोग्रॅम अडखळला. हल्लीच्या कायद्यानं प्रत्येक प्रोग्रॅमला आपली चूक मोठ्यानं, वापरणाऱ्याच्या भाषेत सांगावी लागते.

"'चाचांच्या बहिऱ्या कानाची भरपाई' या भागात चूक झाली आहे."

एका चिडक्या दुपारी तिनंच दिलेलं नाव. उंच स्वरातली खरखर चाचांना ऐकूच येत नाही, हे मोजून कळल्यावर तिनं गुपचूप दुरुस्ती घातली होती. टिपा गळतात, पण चूक शोधायला सोपं जावं म्हणून भागांची नावं सीलबंद पेटीतही राहतात. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात हे सांगणाऱ्या पानावर तिनं 'नंतर वाचू' म्हणून खूण घातली होती.

"चाचा, ऐकलंत का?" सिकंदरच्या तोंडून गेलं, आणि त्यानं जीभ चावली. आपला तंबोरा उचलून तो निघाला. बाकीचेही चहाला न थांबता उठले.

शैलजाला मान वर करवेना. "चाचा, ते नाव मी आत्ता काढते. दहा मिनिटांत..."

"कधीपासून ठाऊक होतं?"

"दीड वर्ष झालं."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मी या कारागीर पोरांपासून लपवत होतो, गं. मला वाटायचं, जरासं कमी येतंय." चाचांनी कानस फडक्यात गुंडाळली. "भरपाई लागण्याइतकं गेलंय होय?"

तिनं होकारार्थी मान हलवली. तेवढंही जड गेलं.

चाचांनी रिकाम्या खुर्च्या एकेक करून भिंतीला लावल्या.

"या दीड वर्षात बारा तंबोरे मी माझ्याच कानानं लावून दिले. तुझं यंत्र तेव्हा अर्धवट होतं. एकही परत आला नाही. पुण्याच्या एका गाणाऱ्या बाईंनी तर कळवलं, असा गोड तंबोरा उभ्या जन्मात मिळाला नव्हता." त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "आता पेटी पुन्हा बांधशील, तेव्हा सांग बेटा, आत कुणाचा कान घालणार? तुझा बरोबर असलेला, की माझा?"